तिकीट मिनिॲपोलिसचं, घर शिकागोजवळ: शेवटचा टप्पा सोडण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अलीकडच्या एका हिवाळ्यातलं. नावं बदलली आहेत आणि विमान कंपनीचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. संकेत आणि मुग्धा या नवरा-बायकोशी वेगवेगळं बोलून, तिकिटं आणि ॲपवर आलेले निरोप पाहून ही हकिकत जुळवली आहे. दोघांच्या सांगण्यात एका ठिकाणी फरक पडतो, तो पुढे येईल.

संकेत-मुग्धा शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतात. संकेतची धाकटी बहीण प्राची न्यूयॉर्क राज्यात, सिराक्यूजला. प्राचीच्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आई आल्या होत्या. वय सहासष्ट, गुडघे दुखरे, बीपीची गोळी चालू, इंग्रजी कामापुरतं. अमेरिकेतल्या मराठी घरांत अशा वेळी जी पाळी लागते ती इथेही लागली होती: आधी मुलीची आई, ती निघाली की सासू-सासरे. प्राचीचं घर एका बेडरूमचं. तिचे सासू-सासरे सोमवारी पुण्याहून पोचणार होते. त्यामुळे आईंनी शनिवारी निघून संकेतकडे यायचं, दोन महिने तिथे राहायचं आणि शिकागोहूनच मुंबईला परतायचं असं ठरलं. त्यांना एकटीला पाठवायचं कोणाच्याच मनात नव्हतं. संकेत शुक्रवारी जाऊन त्यांना घेऊन येणार होता.

जायचं तिकीट त्याने साठवलेल्या माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीकडे जमलेल्या गुणांवर, काढलं. प्रश्न दोघांच्या यायच्या तिकिटाचा होता.

अडचण

सिराक्यूज ते शिकागो, शनिवार सकाळचं थेट विमान: माणशी सुमारे ३२० डॉलर. त्याच कंपनीचं, त्याच विमानाने शिकागोला येऊन पुढे दुसऱ्या विमानाने मिनिॲपोलिसला जाणारं तिकीट: माणशी सुमारे १६५ डॉलर. म्हणजे जास्त लांब जाणारं तिकीट निम्म्या भावात. मिनिॲपोलिसचं तिकीट काढून शिकागोलाच बाहेर पडलं तर दोघांचे मिळून तीनशेच्या वर डॉलर वाचत होते. रुपयांत पंचवीस हजारांच्या घरात. आईंना हा आकडा नंतर कळला तेव्हा त्यांनी लगेच त्याचं महिन्याच्या पेन्शनशी गणित घातलं, असं मुग्धा सांगते.

भाडं असं उलटं का लागतं, हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुण्याहून कोल्हापूरचं एसटीचं तिकीट काढून कोणी साताऱ्याला उतरला तर कंडक्टर फार तर एकदा मागे वळून बघेल. एसटीचं भाडं टप्प्यावर चालतं. कोल्हापूरचं तिकीट साताऱ्यापेक्षा महागच असणार, त्यामुळे असं करून कोणाचे पैसे वाचण्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण गेलं आणि त्यानंतर भाडं अंतरापासून सुटलं. ते आता त्या दोन शहरांमधल्या स्पर्धेवर ठरतं. मोठ्या कंपन्यांनी आपापली हब, म्हणजे मुख्य तळ, उभी केली: छोट्या शहरांतून माणसं उचलायची, हबवर आणायची, तिथून पुढे वाटायची. सिराक्यूजहून थेट शिकागोला जाणाऱ्याला फारसे पर्याय नसतात आणि थेट जाण्याची सोय त्याला हवीच असते, म्हणून तो जास्त देतो. सिराक्यूजहून मिनिॲपोलिसला जाणारा मात्र डेल्टा या दुसऱ्या विमान कंपनीचं गिऱ्हाईक होऊ शकतो, कारण मिनिॲपोलिस हे डेल्टाचं हब आहे आणि डेट्रॉइटवरून तिकडे नेणंही तिला सोपं. त्याला ओढायचं तर शिकागोवरून नेणाऱ्या कंपनीला भाव पाडावा लागतो. त्या पाडलेल्या भावाच्या तिकिटात शिकागोचं विमान आपोआप येतं.

असं पुढचं तिकीट काढून मधेच बाहेर पडण्याला शेवटची लेग, म्हणजे शेवटचा टप्पा, सोडणं म्हणतात. अशी तिकिटं शोधून देणाऱ्या वेबसाइटही आहेत.

संकेतने हे पूर्वी केलं होतं, एकट्याने, पाठीवर एक सॅक घेऊन, उन्हाळ्यात. कोणी काही विचारलं नाही. त्या अनुभवाचं वजन या निर्णयावर फार पडलं.

समोर असलेले पर्याय

थेट विमान महाग पण सरळ. त्यात आईंच्या दोन मोठ्या बॅगा पैसे भरून टाकता आल्या असत्या.

शेवटची लेग सोडायची तर चेक-इन बॅग चालत नाही, कारण तिला मिनिॲपोलिसचा टॅग लागतो आणि ती तिकडेच जाते. यावर तोड निघाली: मोठ्या बॅगा प्राचीकडेच राहू द्यायच्या, एप्रिलमध्ये प्राचीच्या घरची सगळी गाडीने शिकागोला येणारच होती. आईंनी फक्त एक छोटी बॅग आणि पर्स घ्यायची.

भाड्याची गाडी घेऊन आय-९० महामार्गाने यायचं, तर हजारावर किलोमीटर आणि सलग दहा-अकरा तास. बफेलो ते ईरी हा पट्टा हिवाळ्यात तळ्यावरून येणाऱ्या बर्फासाठी बदनाम आहे. हा पर्याय दोन मिनिटांत बाद झाला आणि ते योग्यच होतं.

बफेलोहून साउथवेस्ट या विमान कंपनीने शिकागोच्या मिडवे विमानतळावर यायचं. सिराक्यूजहून बफेलो अडीच तासांवर. साउथवेस्ट त्या वेळी दोन बॅगा फुकट नेत असे (ती सोय मे २०२५ मध्ये गेली). हा पर्याय मुग्धाने सुचवला. संकेतने उघडूनही पाहिला नाही, असं ती म्हणते. पाहिला पण वेळ जमत नव्हती, असं तो म्हणतो. मघाशी म्हटलेला फरक तो हाच.

शेवटचा पर्याय ॲमट्रॅकचा, म्हणजे अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या रेल्वेचा. लेक शोअर लिमिटेड ही गाडी रात्री सिराक्यूजहून सुटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिकागोच्या युनियन स्टेशनवर पोचते. तिकीट स्वस्त आणि बॅगांचा जाच नाही, पण रात्रभर खुर्चीत बसून प्रवास आणि वेळेची खात्री नाही. "आईचे गुडघे" या दोन शब्दांत हा पर्याय संपला.

निर्णय

संकेतने मिनिॲपोलिसची दोन तिकिटं काढली. त्याने तीन गोष्टी नीट सांभाळल्या आणि त्या इथे नोंदवायला हव्यात. तिकीट एकेरी काढलं, जायच्या तिकिटाशी जोडलं नाही. आपला फ्रीक्वेंट फ्लायर नंबर, ज्यावर माइल्स जमा होतात तो, घातला नाही. आणि बॅग चेक-इन करायची नाही हे आधीच पक्कं केलं. या विषयावर जे सल्ले फिरतात त्यातले बहुतेक एवढ्यावरच थांबतात, आणि सगळं पाळलं म्हणून तो निर्धास्त होता.

एक गोष्ट त्याने केली नाही. आईंना सांगितलं नाही. मुग्धाने आठवड्याभरात दोनदा विचारलं, "आईंना कल्पना दिलीस का?" त्याचं उत्तर होतं, "तिला उगाच टेन्शन. ती माझ्याबरोबर आहे, मी बघतो." हे प्रेमापोटीच होतं, पण त्याचा अर्थ असा की दोन प्रवाशांपैकी एकाला आपलं तिकीट कुठलं आहे हेच माहीत नव्हतं.

दुसरी भर प्राचीने घातली, तीही मायेनेच. आईंना विमानतळावर फार चालावं लागू नये म्हणून तिने कंपनीला फोन करून व्हीलचेअर लावून घेतली. दादाचा बेत तिला कुठे ठाऊक होता? आपल्याकडच्या आई-वडिलांसाठी व्हीलचेअर ही फक्त गुडघ्यांची सोय नसते. बरोबर माणूस मिळतो, रांग चुकते, भाषेची अडचण टळते. पण व्हीलचेअरवाल्याचं काम प्रवाशाला तिकिटावरच्या पुढच्या गेटपर्यंत पोचवणं हे असतं. शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर विमानाच्या दारात जो माणूस उभा राहणार होता, त्याच्याकडे मिनिॲपोलिसच्या विमानाचं गेट लिहिलेलं असणार होतं. संकेतला हे शुक्रवारी रात्री जेवताना कळलं. आता रद्द करायला गेलो तर प्राचीला कारण सांगावं लागेल आणि आईही ऐकेल, म्हणून त्याने ते तसंच राहू दिलं. शिकागोला उतरल्यावर "आम्ही चालत जातो" म्हणायचं, एवढा बेत त्याने मनात केला.

माझ्या मते खरा निर्णयाचा क्षण तोच होता. तिकीट काढताना जो बेत होता तो दोन धडधाकट माणसांसाठी बेतलेला होता. शुक्रवारी रात्री त्यात व्हीलचेअर आली, बरोबर तिसरा माणूस आला. बेत तोच राहिला.

विमानतळावर

बोर्डिंग पास मोबाइलवर होते, एरवी काउंटरवर जायची गरजच नव्हती. व्हीलचेअरमुळे जावं लागलं. काउंटरवरच्या बाईंनी आईंचा पासपोर्ट उघडला, नाव जुळवलं आणि सहज विचारलं, आज मिनिॲपोलिसला चाललात का? आईंना एवढं इंग्रजी येत होतं, आणि उत्तर देता येतंय याचा आनंदही होता.

"नो, नो. शिकागो. माय सन. नेपरव्हिल."

संकेतच्या हातात त्या वेळी त्याचं इलिनॉयचं लायसन्स होतं. बाईंनी लायसन्सकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं. त्याने हसून, आधी माझं घर, मग तिकडे, असं काहीतरी पुटपुटलं. बाई काही बोलल्या नाहीत. विमान भरलेलं आहे, छोटी बॅग मिनिॲपोलिसपर्यंत फुकट टाकून देऊ का, असं मात्र विचारलं. तो नको म्हणाला. त्यांनी पुन्हा विचारलं. त्या बॅगेत आईंच्या गोळ्या होत्या, चष्मा होता, प्राचीच्या हातच्या लाडवांचा डबा होता. गोळ्या आहेत म्हणून जवळच ठेवतो, हे त्याचं उत्तर खरंच होतं. पण खरं बोलतानाही घाम फुटला, असं तो सांगतो.

यात भीती अगदीच काल्पनिक नव्हती. जुलै २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल विमानतळावर एका किशोरवयीन मुलाचं प्रकरण गाजलं होतं. तिकीट शार्लटवरून न्यूयॉर्कचं आणि लायसन्स नॉर्थ कॅरोलिनाचं. अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांना संशय आला, तिकीट रद्द झालं आणि घरच्यांना शार्लटचं सरळ तिकीट काढावं लागलं.

सिराक्यूजमध्ये तसं काही झालं नाही. झालं ते वेगळंच.

शिकागोत पहाटेपासून बर्फ पडत होता. साडेसातचं विमान आधी नऊवर गेलं, मग दहावर, आणि पावणेअकराला रद्द झालं. दहा मिनिटांत संकेतच्या फोनवर निरोप आला: तुमची नवी व्यवस्था केली आहे. दुपारी पूर्वेकडच्या दुसऱ्या एका हबवर जायचं, तिथून संध्याकाळी थेट मिनिॲपोलिस. शिकागोचा कुठे उल्लेखच नाही.

कंपनीच्या बाजूने पाहिलं तर ही उत्तम सेवा होती. बर्फ शिकागोत आहे, मग मिनिॲपोलिसच्या माणसांना शिकागोवरून कशाला न्यायचं? त्यांना दुसरीकडून वळवलं की संध्याकाळी शिकागोला जाणाऱ्या विमानात ज्यांना खरोखर शिकागोलाच जायचं आहे त्यांच्यासाठी जागा मोकळ्या होतात. गोंधळाच्या दिवशी सगळ्या कंपन्या हेच करतात. रांगेत संकेतच्या पुढे असलेल्या गृहस्थांचं तिकीट साधं शिकागोचं होतं. त्यांना संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली. तीनशे वीस डॉलरमध्ये त्यांनी काय विकत घेतलं होतं ते तेव्हा दिसलं. शिकागोला पोचवण्याचं बंधन कंपनीवर त्यांच्या बाबतीत होतं. संकेतच्या बाबतीत ते बंधन मिनिॲपोलिसचं होतं, आणि कंपनी ते त्याच रात्री इमानाने पाळायला तयार होती.

त्या क्षणी काय करता येत होतं

मिनिॲपोलिसला खरंच जायचं आणि तिथून शिकागोला यायचं, हा एक मार्ग. दोन विमानं, त्यावर तिसरं तिकीट किंवा सहा तासांची गाडी, आणि बरोबर सहासष्ट वर्षांची आई. मार्ग होता, पण सोसणारा नव्हता.

खरं सांगून शिकागोचं तिकीट करून मागायचं, हा दुसरा. हवामानामुळे गोंधळ झाला की कंपन्या जादा पैसे न घेता तारीख बदलून देतात, पण ती सवलत तिकिटावरच्या दोन शहरांपुरती असते. शहर बदललं की नवं तिकीट, आणि ते त्या दिवसाच्या भावाने. संकेतने घुमवून फिरवून विचारलं, "आम्हाला शिकागोलाच थांबायचं झालं तर?" माणशी चारशेच्या वरचा आकडा ऐकून तो गप्प बसला.

तिसरा मार्ग रिफंडचा. विमान कंपनीनेच रद्द केलं आणि प्रवाशाला पर्यायी व्यवस्था नको असेल, तर तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी अमेरिकेच्या नियमांप्रमाणे पैसे परत मिळतात. बर्फामुळे रद्द झालं हे कारण इथे आडवं येत नाही. अनेकांना हे ठाऊक नसतं आणि ते निमूटपणे व्हाउचर घेतात. (२०२४ च्या नियमांनंतर हे आणखी स्पष्ट झालं आहे: क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे सात कामकाजाच्या दिवसांत परत यायला हवेत.)

हा मार्ग संकेतला सुचला नव्हता. मुग्धाने फोनवर सांगितला. त्याच फोनवर तिने रात्रीच्या लेक शोअर लिमिटेडची तिकिटं किती आहेत तेही पाहिलं. दोघांची मिळून अडीचशे डॉलरच्या आत बसत होती.

काउंटरवर पुन्हा त्याच बाई. त्यांनी रिफंड करून दिला आणि नेपरव्हिलला सुखरूप पोचा, असं आईंकडे पाहून म्हणाल्या. त्यात टोमणा होता की नुसता जिव्हाळा, यावर संकेतला अजून काही ठरवता आलेलं नाही.

परिणाम

प्राचीकडे परत येताना गाडीत आईंना सगळं सांगावं लागलं. त्यांची पहिली प्रतिक्रिया रागाची नव्हती: "अरे, मग मला सांगायचंस ना, मी मिनि-काय ते म्हटलं असतं." दुसरी प्रतिक्रिया तासाभराने आली. परक्या देशात, हातात व्हिसाचा पासपोर्ट घेऊन, आपल्याला न सांगता आपल्याकडून काहीतरी लपवाछपवी होत होती, हे त्यांना लागलं. संध्याकाळभर त्या संकेतशी कामापुरतंच बोलल्या. मला हा परिणाम पैशाच्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

तसा पैशाचा हिशेब वाईट नव्हता. विमानाचे ३३० डॉलर परत आले, रेल्वेला अडीचशेच्या आत गेले. आगगाडीत माणशी दोन बॅगा हाताशी नेता येतात, त्यामुळे मागे राहणार होत्या त्या मोठ्या बॅगाही बरोबर गेल्या. गाडी अडीच तास उशिरा पोचली. आईंचे पाय सुजले. युनियन स्टेशनवरून बीएनएसएफ मार्गावरची मेट्रा ही लोकल थेट नेपरव्हिलला जाते. त्या गाडीने दोघे रविवारी दुपारी घरी आले. साध्या तिकिटाचे ते गृहस्थ शनिवारी रात्रीच शिकागोत पोचले असणार.

कायद्याच्या बाजूने

शेवटची लेग सोडणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. तो विमान कंपनीबरोबरच्या कराराचा भंग आहे, कारण मोठ्या कंपन्या आपल्या अटींत हा प्रकार नावानिशी मना करतात. त्या अटींनुसार त्या उरलेलं तिकीट रद्द करू शकतात, भाड्यातला फरक मागू शकतात, माइल्स काढून घेऊ शकतात किंवा पुढे तिकीट द्यायला नकार देऊ शकतात. एखादा तुरळक प्रवासी हे करतो तेव्हा बहुतेकदा काहीच होत नाही. वारंवार करणाऱ्याच्या खात्यावर नजर जाते.

कोर्टात कंपन्यांना मिळालेलं यश संमिश्र आहे. २०१४ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने अशी तिकिटं शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड या वेबसाइटच्या तरुण संस्थापकावर शिकागोत दावा लावला. २०१५ मध्ये तो अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला गेला. अमेरिकन एअरलाइन्सने त्याच वेबसाइटवर २०२३ मध्ये टेक्सासमध्ये दावा लावला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जूरीने कंपनीच्या पारड्यात ९४ लाख डॉलर टाकले, पण तो निकाल फिरला कंपनीच्या लोगोच्या कॉपीराइटभोवती. प्रवाशावरच दावा लावल्याचं ठळक उदाहरण जर्मनीतलं आहे. ऑस्लो-फ्रँकफर्ट-सिॲटल आणि परत अशा तिकिटावरचा एक प्रवासी परतताना फ्रँकफर्टला उतरला आणि वेगळ्या तिकिटाने बर्लिनला गेला. लुफ्तान्साने त्याच्याकडे दोन हजारांवर युरो मागितले. बर्लिनच्या न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरमध्ये दावा फेटाळला आणि कंपनी अपिलात गेली.

"पैसे भरलेत, मधेच उतरलो तर कोणाचं काय गेलं?" हा संकेतचा युक्तिवाद मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. भावाचा हा गुंता कंपन्यांनीच केला आहे. पण गेलं कोणाचं, याचं उत्तर सिराक्यूजमध्ये मिळालं: त्याचंच.

त्याच घरातलं दुसरं तिकीट

हे सगळं चालू असताना प्राचीच्या सासू-सासऱ्यांच्या तिकिटावरही एक सल्ला आला होता. त्यांचं तिकीट परतीचं होतं: मुंबई-नेवार्क-सिराक्यूज आणि सिराक्यूज-नेवार्क-मुंबई. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, नेवार्कला उतरून आमच्याकडे चार दिवस राहा, पुढची लेग सोडून द्या, प्राची येऊन घेऊन जाईल. बॅगांचीही अडचण नाही, कारण अमेरिकेत पहिल्या विमानतळावर कस्टम्ससाठी बॅगा हातात येतातच.

बॅगांबद्दल काका बरोबर होते. बाकी सल्ला महागात पडला असता. एक लेग चुकली की त्यापुढचं सगळं तिकीट रद्द होतं, आणि जाताना नेवार्क-सिराक्यूज ही शेवटची लेग नव्हतीच. तिच्यामागे परतीचा पूर्ण प्रवास होता. चार महिन्यांनी दोघे मुंबईला परतायला विमानतळावर गेले असते तेव्हा हे कळलं असतं, आणि सुट्टीच्या हंगामात दोन एकेरी तिकिटं ऐनवेळी काढावी लागली असती. सिराक्यूजहून परत आलेल्या संकेतनेच त्यांना फोन करून थांबवलं. शेवटचा टप्पा सोडायचा तर तो तिकिटावरचा सर्वांत शेवटचा असायला हवा, हा मुद्दा शिकलेसवरलेल्या लोकांच्याही नजरेतून सुटतो.

काय वेगळं करता आलं असतं

बफेलो-मिडवे हा पर्याय गंभीरपणे पाहायला हवा होता. तिथे स्पर्धा होती, बॅगा फुकट होत्या आणि प्राचीचा नवरा बफेलोपर्यंत सोडायला तयार होता. शिकागोतल्या बर्फाने तेही विमान रखडलं असतं, पण तिकीट शिकागोचं असतं.

गुरुवारी हवामानाचा अंदाज आला होता. शिकागोत बर्फ आहे म्हटल्यावर प्रवास शुक्रवारवर आणता येतो का हे विचारायची वेळ तीच होती. ते विचारलं गेलं नाही, कारण संकेतचं सगळं लक्ष आपण पकडले जाऊ का, याकडे होतं. विमान रद्द झालं तर काय, हा प्रश्न कोणी काढलाच नाही. या युक्तीबद्दल बोलताना बहुतेक जण कायद्याबद्दल विचारतात. हिवाळ्यात, हबवरून जाताना, पहिला प्रश्न रद्द होण्याचा असायला हवा.

आईंना सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर बहुधा त्यांनीच नको म्हटलं असतं आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. कदाचित म्हणूनच सांगितलं गेलं नाही, असं मुग्धा म्हणते.

एकट्याने, एका सॅकवर, एकेरी तिकिटावर कोणी हे करत असेल तर तो त्याचा प्रश्न. वडीलधारी, लहान मूल, व्हीलचेअर किंवा चेक-इन बॅग यातलं एक जरी बरोबर असलं तर मी हा पर्याय यादीतही धरणार नाही.

संकेतचं म्हणणं अजून असं आहे की हे निव्वळ दुर्दैव होतं. बर्फ पडला नसता तर सगळं सुरळीत झालं असतं. मी त्याला विचारलं, समजा नसता पडला. तुम्ही ओ'हेअरला उतरलात. दारात व्हीलचेअर घेऊन माणूस उभा आहे, त्याच्या यादीत आईंचं नाव आणि मिनिॲपोलिसचं गेट आहे. तू म्हणतोस आम्ही चालत जातो. तो म्हणतो, मॅडमना मी सोडतो, गेट लांब आहे. आई खुर्चीत बसून मोकळ्या झालेल्या आहेत. पुढे काय?

तो जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "आईला बाथरूमला जायचंय असं सांगितलं असतं."

मुग्धा शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "आणि आई म्हणाल्या असत्या, नो नो."